विक्री जिभेवर नसते

‘विक्री शिकून येत नाही, ती जिभेवर असावी लागते,’ हे मत इतके रूढ आहे की औद्योगिक मालाच्या विक्री-वितरणाचा अभ्यास करायचा म्हटले तरी लोक हसतात. पुरावाही तयार असतो: मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग-हत्यारांच्या पेढ्या चालवणाऱ्या कितीजणांनी पदवी घेतली होती?

आधी जीभ तपासू. साबणाचे गिऱ्हाईक स्वतःच्या मनाला विचारते, कारखान्याचे यंत्राला. चाकणचा कारखाना ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग मागतो तेव्हा आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर हे ठरलेलेच असते. प्रश्न पुढच्या अक्षरांचा. तापणाऱ्या मोटरीत आतली कडी प्रसरण पावते, म्हणून बहुधा जास्त मोकळीक असलेले ‘सी३’ लागते. धुळीच्या जागी दोन्ही बाजूंना रबरी सील हवे. हे न विचारता साधे बेअरिंग खपवले तर ते अकाली जाते आणि मशीन बंद पडते. तेव्हा गोड बोलणे कामी येत नाही.

तीच गत उधारीची. २००६च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. २०२१मध्ये व्यापाऱ्यांनाही या वर्गात नोंदणी मिळाली, पण लाभ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरताच. म्हणजे वितरकाने लघुउद्योजकाला मुदतीत पैसे द्यायचे, स्वतःची थकबाकी मात्र त्या कायद्याच्या जोरावर मागायची नाही. या फटीत किती भांडवल अडकेल आणि गोदामात कोणता माल किती ठेवावा, हा हिशेब आहे.

उरला नागदेवीचा दाखला. तिथला मुलगा गल्ल्याशेजारी बसून कॅटलॉग पाठ करी, परत आलेला माल का बिघडला हे वडिलांकडून ऐके, वसुलीला जाई. हे वर्षानुवर्षांचे शिक्षणच होते. फक्त प्रवेश जन्माने मिळे. ज्याच्या बापाची पेढी नाही, त्याने कुठे शिकायचे? अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात औद्योगिक वितरणाचा अभ्यासक्रम १९५६पासून आहे, तोही अभियांत्रिकीच्या अंगाने.

नुसत्या वर्गात विक्रेता घडत नाही, हे खरेच. पण त्यातून एवढेच निघते की अभ्यासक्रमाला दुकानातल्या आणि कारखान्यातल्या उमेदवारीची जोड हवी. अभ्यासच नको, असे निघत नाही.