मनोविकारशास्त्रातील निवासी डॉक्टरांचे संशोधन-प्रशिक्षण

मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात रुग्णसेवेबरोबरच निवासी डॉक्टरांना दिले जाणारे संशोधनाचे शिक्षण. भारतात एम.डी. (मनोविकारशास्त्र) हा ३ वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात प्रबंध सक्तीचा आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

प्रबंधाचा विषय, गाइड (मार्गदर्शक) आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पहिल्या काही महिन्यांतच ठरतात. ही घाई या पद्धतीतला मोठा दोष आहे. वॉर्डातले रुग्ण पुरते ओळखीचे होण्याआधीच त्यांच्याविषयीचा प्रश्न कागदावर पक्का होतो आणि साहजिकच तो बहुधा गाइडचा असतो. पुढे एथिक्स कमिटीची मंजुरी, ओपीडीतून रुग्णांची निवड, मास्टर चार्ट (सर्व नोंदींचा एकत्रित तक्ता), सांख्यिकी आणि लेखन. मुदत थोडी असल्याने एकाच भेटीत माहिती मिळेल असे अभ्यास जास्त निवडले जातात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांचा मागोवा त्यात घेता येत नाही.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे मोजमाप. नैराश्याची तीव्रता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ती मुलाखतीतून ठरवावी लागते. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १७ बाबींच्या प्रचलित मापनश्रेणीत एकट्या झोपेसाठी तीन बाबी आहेत. रुग्ण ‘पहाटे तीनला जाग येते’ म्हणाला की लगेच गुण देता येत नाहीत. पुन्हा डोळा लागतो का, हे विचारावे लागते. लागत असेल तर ती मधली झोपमोड, आणि नंतर झोप येतच नसेल तर पहाटेच्या निद्रानाशाची बाब. दोन रेसिडेंट एकाच मुलाखतीला बसून स्वतंत्रपणे गुण देतात, मग ते ताडून पाहतात. त्यांचे एकमत निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त आहे, हे ‘कप्पा’ या गुणांकाने काढतात. ज्याने हा सराव मन लावून केला, तो पुढे संशोधनाकडे वळला नाही तरी रुग्णाला नेमके विचारायला शिकलेला असतो.

संमतीचा प्रश्न या शाखेत अधिक नाजूक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७च्या कलम ९९नुसार संशोधनात सहभागी होणाऱ्याची मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते. रुग्ण ती देण्याच्या स्थितीत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

उत्तम मार्गदर्शक लाभला तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे आहे. तेथे डॉ. एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगाच्या संकल्पनांवर आधारित उपचारपद्धती रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासली. या कामावरील १९७३मधील निबंधाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे तरुण डॉक्टर होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते के.ई.एम.मध्ये आले होते. नंतर अमेरिकेत वार्धक्यातील मनोविकारांचे संशोधक म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि २०१२-१३मध्ये ते अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. नवोदित संशोधकांसाठी त्यांनी तेथे उन्हाळी संशोधन-संस्थाही सुरू केली.

अमेरिकेत या शाखेची रेसिडेन्सी सर्वसाधारणपणे ४ वर्षांची असते. मनोविकारांवर संशोधन करणारे डॉक्टर पुरेसे तयार होत नाहीत, या चिंतेतून तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३मध्ये खास याच विषयावर अहवाल दिला. संशोधनासाठी राखीव वेळ आणि अनुभवी मार्गदर्शक या गरजांवर त्यात भर आहे. ओपीडी आणि रात्रपाळी सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या रेसिडेंटनाही नेमकी याच दोन गोष्टींची वाण असते.