स्टोक ब्रूअर्न

स्टोक ब्रूअर्न : इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील एक लहान खेडे व ग्रँड यूनियन कालव्यावरील प्रसिद्ध ऐतिहासिक स्थळ. नॉर्थॅम्प्टन शहराच्या दक्षिणेस सु. ११ किमी. अंतरावर, टोस्टर या जुन्या बाजारपेठेच्या गावाजवळ ते वसले आहे. लोकसंख्या चारशेच्या आसपास. एक चर्च, कालव्याच्या दोन्ही काठांवरील दगडी व विटांची घरे, सात जलपाशांची रांग आणि गावाच्या उत्तरेस डोंगराच्या पोटात शिरणारा लांब बोगदा एवढाच या गावाचा पसारा आहे. मात्र ब्रिटनमधील अंतर्गत जलवाहतुकीचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास, तिचा उदय, भरभराट आणि ऱ्हास, यांचे इतके एकत्रित व सुस्पष्ट दर्शन अन्यत्र क्वचितच घडते.

इतिहास : गाव कालव्याहून पुष्कळ प्राचीन आहे. १०८६ च्या ‘डूम्झडे बुक’ या महसुली नोंदवहीत त्याचा उल्लेख आढळतो. ‘स्टोक’ याचा अर्थ वाडी किंवा वस्ती असा असून, ‘ब्रूअर्न’ हे मध्ययुगातील ब्रिवेर या जमीनदार घराण्याच्या नावाचे रूपांतर होय. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेती हाच येथील लोकांचा मुख्य व्यवसाय होता. गावाचे भवितव्य पालटले ते १७९३ मध्ये ब्रिटिश संसदेने ग्रँड जंक्शन कालव्यास दिलेल्या मान्यतेमुळे.

बर्मिंगहॅम व मध्य इंग्लंडमधील कोळसा आणि कारखान्यांचा माल त्या काळी ऑक्सफर्ड कालव्याने टेम्स नदीत व तेथून लंडनला जात असे. हा मार्ग लांबचा, वळणावळणाचा आणि नदीच्या पाण्याच्या चढउतारांवर अवलंबून होता. ब्राउन्स्टन ते लंडनजवळचे ब्रेंटफर्ड असा सु. १५० किमी. लांबीचा नवा कालवा खणल्यास सु. ९५ किमी.चा फेरा वाचणार होता. विल्यम जेसप हा या योजनेचा प्रमुख अभियंता आणि जेम्स बार्न्झ हा प्रत्यक्ष जागेवरील अभियंता होता. १८०० पर्यंत कालव्याचे जवळजवळ सर्व काम पुरे झाले. अडले ते केवळ स्टोक ब्रूअर्न व ब्लिझवर्थ या दोन गावांमधील टेकडीपाशी.

ब्लिझवर्थ बोगदा : या टेकडीतून बोगदा खणण्यास १७९३ मध्येच आरंभ झाला होता. तथापि चिकणमातीचे आणि पाणी धरून ठेवणारे थर लागल्याने खोदकामात वारंवार पाणी शिरू लागले व १७९६ मध्ये ते काम सोडून द्यावे लागले. टेकडीवरून जलपाशांच्या साहाय्याने कालवा न्यावा, असा पर्याय जेसपने सुचविला होता. परंतु इतर तज्ञ अभियंत्यांच्या सल्ल्यानंतर नव्या रेषेवर बोगदाच खणण्याचे ठरले. दरम्यान १८०० मध्ये टेकडीवरून लोखंडी रुळांचा तात्पुरता मार्ग टाकण्यात आला. एका काठास नावेतील माल उतरवावयाचा, घोड्यांनी ओढलेल्या गाड्यांतून तो टेकडीपार न्यावयाचा आणि पलीकडे पुन्हा नावेत भरावयाचा, हा खटाटोप पुढील पाच वर्षे चालला. कालव्याच्या या सर्वांत मोठ्या अडचणीतून वाट काढण्यास शेवटी रुळच उपयोगी पडले, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता लक्षणीय ठरते.

२५ मार्च १८०५ रोजी बोगदा वाहतुकीस खुला झाला व लंडनचा मार्ग सलग झाला. बोगद्याची लांबी सु. २,८१३ मी. असून दोन अरुंद नावा एकमेकींशेजारून जाऊ शकतील इतकी त्याची रुंदी आहे. ब्रिटनमधील आज वापरात असलेल्या कालवा-बोगद्यांत लांबीच्या दृष्टीने त्याचा तिसरा क्रमांक लागतो.

बोगद्यात घोड्यांसाठी काठची वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी घोडा सोडून त्याला टेकडीवरील रस्त्याने पलीकडे नेत आणि नाव माणसांच्या पायांच्या बळावर आत ढकलली जाई. नावेच्या पुढील भागी आडव्या फळ्या बसवून त्यांवर दोन माणसे पाठीवर पडून राहत व बोगद्याच्या दोन्ही भिंतींवर पाय रेटीत नाव पुढे सरकवीत. या माणसांना ‘लेगर’ म्हणत. भरलेली नाव पार करण्यास दोन-तीन तास लागत. काळोख, वरून ठिबकणारे पाणी आणि फळीवरून घसरल्यास बुडण्याचा अथवा नाव व भिंत यांत चिरडले जाण्याचा धोका पत्करून हे मजूर दिवसामागून दिवस हे काम करीत. वाफेच्या नावांनी त्यांचे कष्ट कमी केले, तरी त्यांबरोबर नवे संकटही आले. १८६१ मध्ये बोगद्यात दुरुस्तीचे काम चालू असताना वाफेवर चालणारी एक नाव आत अडकली व तिच्या धुराने गुदमरून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर वायुवीजनासाठी अधिक कूपके खणण्यात आली. १८७१ पासून वाफेच्या ओढनौका नावांच्या माळा बोगद्यातून नेऊ लागल्या व लेगरांचा व्यवसाय संपला. नावांना स्वतःची एंजिने आल्यावर १९३६ मध्ये ओढनौकांची सेवाही बंद झाली.

भरभराट व ऱ्हास : बोगद्याच्या दक्षिणेस कालवा सात जलपाशांनी सु. १७ मी. खाली उतरतो. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून वा सोडून नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेली जाते. नावा येथे खोळंबत असल्याने गावात तबेले, लोहारकाम, पिठाची गिरणी, दुकान व खानावळ असे नाविकांना लागणारे सर्व व्यवसाय वाढले. वाहतूक इतकी दाटली की, १८३५ च्या सुमारास प्रत्येक जलपाशाशेजारी दुसरा जलपाश बांधावा लागला. परंतु १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग पूर्ण झाला. गावापासून थोड्याच अंतरावरील रोड या खेड्याजवळ त्यासाठी खणलेली खोल खाच आजही पाहता येते. वेगाच्या स्पर्धेत कालवा मागे पडला आणि मालवाहतुकीचे दर उतरले. पुढे जोड-जलपाशांची गरजही उरली नाही.

या दरकपातीची सर्वाधिक झळ नाविकांना लागली. काठावरच्या घराचे भाडे आणि मदतनिसाची मजुरी परवडेना, म्हणून अनेक नाविकांनी बायकामुलांसह नावेतच बिऱ्हाड केले. नाव सु. २१ मी. लांब व जेमतेम २·१ मी. रुंद. तिचा बहुतेक भाग मालासाठी राखलेला. मागील टोकास सु. ३ मी. लांबीच्या खोलीत चूल, कपाट, घडीचा बिछाना आणि सारा संसार मावत असे. सतत फिरतीमुळे मुलांना शाळा मिळत नसे. १८७७ व १८८४ च्या कायद्यांनी नावांची नोंदणी, त्यांत राहणाऱ्यांची संख्या व मुलांचे शिक्षण यांविषयी नियम घालून दिले. मात्र त्यांची अंमलबजावणी कठीण होती. या संकुचित जीवनातही नाविकांनी आपल्या खोल्यांची दारे, पाण्याचे हंडे व कपाटे गुलाबांच्या व किल्ल्यांच्या चित्रांनी रंगविण्याची स्वतंत्र लोककला जोपासली.

१९२९ मध्ये अनेक कालवा कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ग्रँड यूनियन कालवा अस्तित्वात आला व वाहतूक वाढविण्याचे प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धकाळात मनुष्यबळाच्या टंचाईमुळे तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन मालवाहू नावांवर नेमण्यात आले व त्यांनीही याच जलपाशांतून कोळसा व इतर माल वाहून नेला. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या तीव्र हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठून राहिले. त्याच वर्षी सरकारी मंडळाने आपल्या नावांचा ताफा मोडीत काढला. १९७० मध्ये कोळशाची अखेरची नियमित दूरवरची वाहतूक थांबली आणि या मार्गावरील एक जीवनपद्धती संपुष्टात आली.

प्रेक्षणीय स्थळे : गावातील प्रमुख आकर्षण म्हणजे कालवा संग्रहालय. वरच्या जलपाशाजवळील जुन्या पिठाच्या गिरणीच्या तीन मजली दगडी इमारतीत ते १९६३ मध्ये सुरू झाले. ब्रिटनमधील आरंभीच्या कालवा संग्रहालयांत त्याची गणना होते. नाविकांचे पोशाख, रंगविलेली भांडी, कंदील, एंजिने, अवजारे, नकाशे व छायाचित्रे येथे मांडली आहेत. मालवाहू ताफा मोडीत निघाला त्याच वर्षी हे संग्रहालय उघडले. त्यामुळे वापरातून नुकत्याच गेलेल्या वस्तू, त्या वापरणारी माणसे हयात असतानाच, जतन करता आल्या. संग्रहाचे मोल मुख्यत्वे यात आहे.

संग्रहालयासमोर वरचा जलपाश व त्याच्या शेजारचा निरुपयोगी झालेला जोड-जलपाश पाहावयास मिळतो. या कोरड्या हौदात वेल्समधील ग्लॅमॉर्गनशर कालव्यावरून आणलेला नावा तोलण्याचा काटा ठेवण्यात आला. नावेचे मालासह वजन करून त्यावरून जकात आकारण्यासाठी असे काटे वापरीत. पलीकडच्या काठावर गवताने शाकारलेल्या छपराची ‘बोट इन’ ही जुनी खानावळ असून, १८७७ पासून ती एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्यांनी चालविली.

कालव्याकाठीच सिस्टर मेरी वॉर्ड (१८८५–१९७२) यांचे घर आहे. नाविकांना कायमचा पत्ता नसल्याने वैद्यकीय मदत दुर्मिळ होती. आजारी मूल वा बाळंतीण घेऊन नाव कोठे थांबवावी, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न असे. मेरी वॉर्ड यांनी आपल्या घरातच या लोकांसाठी औषधोपचाराची सोय केली आणि दिवस-रात्र न पाहता त्यांची शुश्रूषा केली. या कार्याबद्दल १९५१ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ देण्यात आले. कालव्याच्या इतिहासात अभियंत्यांची व भागधारकांची नावे ठळकपणे नोंदली गेली आहेत. नाविकांच्या सुखदुःखांची आठवण मात्र बहुधा या घरापाशीच होते.

उत्तरेस काठच्या वाटेने थोडे चालत गेल्यावर बोगद्याचे दक्षिण तोंड लागते. बोगद्याचा मधला भाग खचू लागल्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो वाहतुकीस बंद करण्यात आला. पूर्वरचित काँक्रीटच्या कड्यांनी तो भाग नव्याने बांधून १९८४ मध्ये बोगदा पुन्हा खुला झाला. अशा कड्यांपैकी एक तोंडाशेजारी प्रदर्शनार्थ ठेवलेले आहे. त्यावरून बोगद्याच्या आकाराची कल्पना येते. येथून घोडे नेण्याच्या जुन्या रस्त्याने टेकडी ओलांडून ब्लिझवर्थला पायी जाता येते. वाटेत कूपकांची विटांची धुराडी शेतांमधून डोके वर काढलेली दिसतात. हंगामात बोगद्यातून नौकाविहाराचीही सोय असते.

उंचवट्यावरील सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याचा खालचा भाग नॉर्मन काळातील आहे. गावाच्या नैर्ऋत्येस स्टोक पार्क ही जुनी जहागीर आहे. मॉर्टलेक येथील चित्रजवनिकांच्या कारखान्याचे प्रमुख सर फ्रान्सिस क्रेन यांनी १६२९–३५ दरम्यान तेथे प्रासाद उभारला. त्याच्या आराखड्याचे श्रेय वास्तुविशारद इनिगो जोन्स यांस दिले जाते. मुख्य प्रासाद १८८६ मध्ये आगीत नष्ट झाला. स्तंभावली व दोन मंडप-इमारती तेवढ्या उरल्या असून, वर्षातील मोजक्या दिवसांत त्या लोकांना पाहता येतात. दक्षिणेस कॉझग्रोव्ह येथे कालवा ग्रेट ऊज नदी ओलांडतो. तेथील विटांचा जलसेतू १८०८ मध्ये कोसळल्यावर १८११ मध्ये बांधलेला लोखंडी जलसेतू अद्याप वापरात आहे.

जतन : मालवाहतूक थांबल्यावर हा कालवा बुजला नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लोकमताला आहे. एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ (१९४४) या ग्रंथाने सुशिक्षित वाचकांचे लक्ष कालव्यांकडे वेधले. १९४६ मध्ये रोल्ट व रॉबर्ट एकमन यांनी अंतर्गत जलमार्गांच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९६८ च्या वाहतूक अधिनियमाने कालव्यांचा विहारासाठी उपयोग अधिकृतपणे मान्य केला. २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सरकारी कालव्यांची व्यवस्था ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आली. २०२७ नंतर या संस्थेचे सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने घटविण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. संग्रहालयातील वस्तू कपाटात ठेवून टिकविता येतात, परंतु कालव्याचे तसे नाही. त्याचे दरवाजे बदलावे लागतात, गाळ उपसावा लागतो, जलाशय राखावे लागतात आणि बोगद्याची तपासणी करावी लागते. पाणी आटले, तर जलपाश हे नुसते विटांचे खड्डे उरतील व गिरणीतील वस्तूंचा संदर्भच नाहीसा होईल. म्हणून स्टोक ब्रूअर्नचे जतन हा एका गावापुरता प्रश्न नसून तो अखंड वाहत्या मार्गाशी निगडित आहे. नावांची ये-जा चालू राहणे हेच येथील ऐतिहासिक वारशाचे खरे संरक्षण होय.