खो-खो विश्वचषक स्पर्धा

खो-खो या मैदानी खेळाची, पुरुष व महिला अशा दोन गटांतील आंतरराष्ट्रीय स्पर्धा. खेळाची नियमबद्ध मांडणी पुण्यात १९१४ मध्ये सुरू झाली (पहा : डेक्कन जिमखाना), मात्र आशियाई अजिंक्यपद स्पर्धेसाठी १९९६ साल (कोलकाता) उजाडावे लागले. २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला. तेथील सुवर्णविजेत्या भारतीय महिला संघाची कर्णधार उस्मानाबादची (आता धाराशिव) सारिका काळे होती. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

पहिली विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाली. २३ देशांचे २० पुरुष व १९ महिला संघ उतरले. सामने मातीऐवजी मॅटवर, प्रत्येकी सात मिनिटांच्या चार डावांत खेळले गेले. कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वजीर’ हा पारंपरिक नियमांहून ठळक फरक. दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले : महिला ७८–४०, पुरुष ५४–३६. महिलांचे नेतृत्व प्रियांका इंगळे हिच्याकडे, तर पुरुषांचे प्रतीक वाईकर याच्याकडे होते. विजेत्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. (पहा : आट्यापाट्या; कबड्डी; खो-खो).