सोरायसिस: मलम, गोळी की झाडपाला? काय उपयोगी, काय धोक्याचं, समजून घ्या

कोपरावर किंवा गुडघ्यावर लालसर चट्टा येतो. त्यावर पांढरे, चांदीसारखे पोपडे धरतात. खाजवलं की अंथरुणात भुगा पडतो. गावात लगेच नाव पडतं, "नायटा झालाय, लांब राहा." मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली जाते, ती संपली की कुणीतरी वैदूचा पत्ता देतं. अशी दोन-चार वर्षं सहज निघून जातात, पैसाही जातो आणि चट्टे वाढतच राहतात.

हा नायटा नसून सोरायसिस असू शकतो. या आजाराबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, तो मुळासकट कायमचा घालवणारं औषध अजून कोणत्याच पद्धतीत नाही. दोन, तो चांगला आटोक्यात ठेवता येतो आणि माणूस शेतीची, घरची सगळी कामं करू शकतो.

हा आजार होतो कशामुळे?

आपली कातडी साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिघडते आणि हेच काम ३ ते ५ दिवसांत उरकायला लागतं. जुनी कातडी गळायच्या आत नवी तयार होते, म्हणून पोपडे साचतात.

सोरायसिस संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, जवळ झोपल्याने तो होत नाही. कोणत्या पापाचा किंवा घाणीचा तो परिणामही नाही. काही घरांत तो पिढ्यांमध्ये दिसतो, पण आई-बापाला आहे म्हणून मुलाला होईलच असं नाही.

थंडी, मानसिक ताण, घशाचा संसर्ग, दारू, तंबाखू आणि वाढलेलं वजन यांनी तो उसळतो. कातडीला इजा झाली तर त्या जागीही नवा चट्टा उठतो. ऊस तोडताना पानाने ओरखडा गेला आणि त्याच रेषेवर चट्टा आला, असं होऊ शकतं.

नायटा, इसब की सोरायसिस?

नायटा बहुतेक वेळा गोल वाढतो. त्याची कड उठावदार असते, मधला भाग मोकळा होत जातो आणि तो घरात एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. इसबात खाज फार असते, कधी पाणी सुटतं. सोरायसिसचे पोपडे जाड व कोरडे असतात. ते कोपर, गुडघे, डोकं, कमरेचा मागचा भाग इथे जास्त दिसतात. नखांवर बारीक खड्डे पडतात. काहींची बोटं, टाचा किंवा कंबर सकाळी आखडते; हे सांध्यांच्या सोरायसिसचं लक्षण असू शकतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करून घ्या. त्याचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार बरा होतो.

डॉक्टरांचे उपचार

चट्टे थोडे असतील तर मलमावर भागतं. पोपडे मऊ करायला सॅलिसिलिक अॅसिड किंवा कोलटारचं मलम, सूज उतरवायला स्टेरॉइडचं मलम किंवा कॅल्सिपोट्रिऑल देतात. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावायचं. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते. तेच मलम नायट्यावर लावलं तर आधी बरं वाटतं आणि मग नायटा चौफेर पसरतो. म्हणून आजार ओळखल्याशिवाय ट्यूब आणू नका.

चट्टे अंगभर असतील तर मोठ्या रुग्णालयात मशीनखाली ठरावीक किरण देतात. यासाठी बहुधा आठवड्यातून २-३ वेळा जावं लागतं. पोटातल्या गोळ्या आणि महागडी इंजेक्शनंही आहेत.

गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्झेट जास्त वापरली जाते. ही गोळी सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. एक वार ठरवा, समजा गावच्या बाजाराचा दिवस, आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ही गोळी चालू असताना दारू पूर्ण बंद ठेवावी लागते आणि रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या वेळेवर कराव्या लागतात. गरोदर बाईने ती घ्यायची नाही. मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांशी बोला. तोंडात फोड आले किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा.

घरगुती उपायांपैकी काय चालतं?

खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलिन उपयोगी आहे. अंघोळ कोमट पाण्याने करा, अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच लावा. पोपडे मऊ होतात, भेगा कमी पडतात. थोडं ऊनही मानवतं, मात्र कातडी भाजेपर्यंत बसू नका. कोरफडीचा गर लावून काहींना आराम पडतो, सगळ्यांना नाही; आधी हातावर थोडा लावून बघा. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, पण तेवढ्याने चट्टे जातील अशी आशा धरू नका.

यापासून जपून

बावचीच्या बियांत सोरालेन असतं. डॉक्टर किरणांच्या एका उपचारात सोरालेनच मोजून वापरतात. घरी बावचीचं तेल लावून उन्हात बसलं तर मोजमाप राहत नाही आणि कातडी भाजून फोड येतात. बिब्बा आणि रुईचा चीक तर लावूच नका, त्याने जखमा होतात.

गुळवेलीमुळे काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद काहीही असो, मेथोट्रेक्झेट चालू असताना गुळवेल किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

सगळ्यात मोठा धोका बिननावाच्या पुडीचा. आठ दिवसांत जादू झाल्यासारखा फरक पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. पुडी एकदम थांबली की आजार दुप्पट उसळू शकतो. अशी पुडी चालू असेल तर ती तशीच डॉक्टरांना नेऊन दाखवा, ते रागावतील म्हणून लपवू नका. आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या, औषधाचं नाव लिहून मागा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा.

केव्हा थांबायचं नाही?

अंगभर लाली आली, थंडी वाजायला लागली, चट्ट्यांवर पुवाचे फोड उठले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. एरवी सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा आणि जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोग विभागाची चिठ्ठी मागून घ्या. लांबचा प्रवास जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून मोफत सल्ला मिळतो. चट्ट्याचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो. मात्र या रुग्णाला खरा आधार घरातूनच मिळतो. त्याचं ताट वेगळं ठेवू नका, लग्नकार्यात त्याला मागे बसवू नका. माणूस लोकांच्या नजरेला घाबरून आजार झाकत बसतो, आणि उपचार लांबतो तो तिथेच.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)