मातीची बैठक

आईला आता वाकवत नाही. म्हणून परसात गुडघाभर उंच वाफा बांधून भोवती सागवानी बाक करायचे मी मनावर घेतले. आणि सवयीप्रमाणे आधी पुस्तके उघडली!

आल्बेर्टुस माग्नुस या जर्मन धर्मपंडिताने १२६०च्या सुमारास वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथात रमणीय बागेचे वर्णन केले आहे : हिरवळ, कडेला सताप, सब्जा यांसारख्या सुवासिक वनस्पती, आणि दोहोंमध्ये बसण्याजोगा गवताळ उंचवटा. असे उंचवटे फळ्यांच्या, विटांच्या किंवा विणलेल्या काटक्यांच्या चौकटीत माती भरून करीत. म्हणजे लाकूड माती आवरायला. बसायचे ते मातीवरच. मार्टिन शोंगाउअरने १४७३ साली रंगविलेली, फ्रान्समधील कोल्मार गावची मेरी अशाच बाकावर बसली आहे; शेजारी स्ट्रॉबेरीची रोपे. ते बाक आपल्याला चित्रांतूनच पाहायचे. ओल्या मातीपुढे लाकडाचे किती चालणार?

आमच्या सुताराला हे ग्रंथ न वाचताच ठाऊक होते. "मास्तर, मातीला टेकवाल तर दोन पावसाळेच." म्हणून विटांचा कठडा, मग बोटभर फट, मग बाक. आई त्यावर आडवी बसून कोथिंबीर खुडते. फटीत पडलेली पाने मी वेचतो.