लेण्याद्रीच्या पायथ्याकडून परदेशी दवाखान्यापर्यंत : नर्सिंग करणाऱ्या मुलींनी आणि पालकांनी माहीत करून घ्यावे असे काही

लेण्याद्रीचे सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. ते कल्याणच्या एका दात्याने कोरवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. जुन्नरच्या इतर लेण्यांत यवन दात्यांचीही नावे सापडतात. नाणेघाट उतरला की कल्याण, आणि कल्याणहून समुद्र. हा रस्ता दोन हजार वर्षांपासून वाहता आहे. म्हणून जुन्नर, ओतूर, घोडेगाव किंवा मंचरच्या वस्तीतली मुलगी जेव्हा "मला नर्स म्हणून बाहेरच्या देशात जायचंय" म्हणते, तेव्हा आम्हाला त्याचे नवल वाटत नाही. काळजी वाटते ती तिच्या आणि त्या देशाच्या मधे उभ्या असलेल्या एजंटाची.

आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुधा "किती पैसे लागतील?" हा असतो. खरे तर पहिला प्रश्न "माझ्याकडे कोणता कोर्स आहे?" हा असायला हवा.

आपल्याकडे तीन मुख्य कोर्स आहेत. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग. खर्च कमी, कालावधी कमी आणि उपकेंद्रात काम मिळण्याची आशा, म्हणून आपल्या घरांतल्या पुष्कळ मुली एएनएमकडे वळतात. गावात ती 'सिस्टर'च असते. परदेशात मात्र एएनएमला 'रजिस्टर्ड नर्स' म्हणून बहुतेक ठिकाणी नोंदणी मिळत नाही. एजंट हे सांगत नाही. तो तिला 'केअरगिव्हर' म्हणजे घरगुती काळजीवाहक म्हणून पाठवतो आणि घरी नर्सची नोकरी म्हणून सांगतो. काळजीवाहकाचे काम हलके नाही की कमी प्रतिष्ठेचेही नाही, पण त्याचा व्हिसा वेगळा, पगार वेगळा आणि पुढे बढतीचा रस्ताही वेगळा. मध्यंतरी इस्रायलमधल्या घरगुती काळजीवाहकांच्या जागांसाठी महाराष्ट्रातल्या कौशल्य विकास कार्यालयांनी अर्ज मागवले होते. तेव्हाही आम्ही मुलींना एवढेच सांगितले की करारावर पदाचे नाव काय आहे ते आधी वाचा.

जीएनएम किंवा बी.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली चालते. परदेशातल्या नोंदणीसाठी याच परिषदेकडून 'गुड स्टँडिंग'चा दाखला आणि पडताळणी पाठवावी लागते. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर नसेल तर गाडी इथेच अडते.

सुईणपणाबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. गावगाड्यात बाळंतपणाचे काम कितीतरी ठिकाणी मातंग आणि इतर दलित स्त्रियांच्या वाट्याला होते. नाळ कापायची त्यांनी आणि विटाळही मानायचा त्यांचाच! त्याच समाजातल्या मुली आज 'मिडवाइफ' हा सन्मानाचा हुद्दा मागतात, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पण एक अडचण आहे. आपल्या जीएनएमच्या नोंदणीवर नर्स आणि मिडवाइफ असे दोन्ही शब्द असतात. ब्रिटनमध्ये मात्र हे दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि त्यांची नोंदणीही वेगळी आहे. तिथे मिडवाइफ होण्यासाठी मिडवाइफरीचेच पूर्ण शिक्षण दाखवावे लागते. त्यामुळे आपल्याकडची मुलगी तिथे साधारणपणे नर्स म्हणून जाते. प्रसूतिगृहात दहा वर्षे काम केले असले तरी त्यात फरक पडत नाही.

देशानुसार वाट बदलते

ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा आधी. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा दिली तर तीन भागांत 'बी' आणि लेखनात 'सी प्लस'. त्यानंतर संगणकावरची सीबीटी, ती भारतात देता येते. मग तिथे पोहोचल्यावर 'ऑस्की' ही प्रात्यक्षिक परीक्षा. ग्रामीण शाळेतून आलेल्या मुलीला सीबीटीपेक्षा इंग्रजी लेखन जड जाते, हा आमचा अनुभव. त्यावर सहा महिने रोज तासभर घालवले तर ते जमते. दुसरे असे की ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेप्रमाणे उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घ्यायचे नसते. "लंडनच्या नोकरीचे आठ लाख" असे कोणी म्हणाला की तिथेच उठावे. आणखी एक गोष्ट : २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून नवे केअर वर्कर घेणे बंद केले आहे. नोंदणीकृत नर्सचा व्हिसा त्यापेक्षा वेगळा आहे. या दोन्हींची सरमिसळ करून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत.

जर्मनीची गोष्ट भाषेची आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी जर्मन साधारण बी-२ पातळीपर्यंत लागते. पदवीची मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम करावे लागते, आणि अभ्यासक्रमात काही उणीव दाखवली गेली तर प्रशिक्षण किंवा परीक्षा देऊन ती भरून काढावी लागते. बारावी झालेल्या मुलींसाठी तिथे 'आउसबिल्डुंग' आहे, म्हणजे तीन वर्षांचे विद्यावेतनासह नर्सिंग शिक्षण. एएनएमनंतर पुढे काय, या प्रश्नाला हे एक चांगले उत्तर असू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि १०,००० तरुणांना पाठवण्याची घोषणा झाली. आरोग्यसेवेतली कामेही त्यात आहेत. घोषणा ऐकून कोणी विमानात बसत नाही. भाषेचा वर्ग लावावाच लागतो, आणि तालुक्याच्या गावात तो मिळणे अजून अवघड आहे.

आखाती देशांत भाषेची अट सैल, पण अनुभवाची घट्ट. बहुधा दोन वर्षांचा रुग्णालयातला अनुभव, कागदपत्रांची 'डेटाफ्लो' पडताळणी आणि त्या त्या देशाची परीक्षा. अनुभवाचा खोटा दाखला आणून देणारे एजंट असतात. पडताळणीत तो उघडा पडला तर शिक्का एजंटावर बसत नाही, मुलीवर बसतो.

एजंट, कायदा आणि जमिनीचा सातबारा

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना असलेल्यालाच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो. पावती द्यावीच लागते. परवाना चालू आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. यासाठी पाच मिनिटे लागतात.

नर्सच्या बाबतीत नियम आणखी कडक झाले ते २०१५ मध्ये. त्याआधी कुवेतच्या एका भरतीत १९,५०० रुपयांऐवजी प्रत्येकीकडून १९ लाख ५० हजार घेतल्याचे सीबीआयच्या तपासात पुढे आले होते. त्यानंतर आखाती देशांसह १८ देशांत नर्स पाठवण्याचे काम सरकारी संस्थांकडे दिले गेले, आणि पहिली नावे केरळच्या दोन संस्थांची होती : नोर्का रूट्स आणि ओडेपेक. यातली ओडेपेक १९७७ पासून हे काम करते. मल्याळी नर्स जगभर दिसते त्याच्या मागे हे सरकारी बळही आहे. आपल्या राज्यात नर्सिंगची एवढी महाविद्यालये निघाली, पण ती विचारशक्ती उशिरा आली, असे आमचे स्पष्ट मत आहे. परवानगी असलेल्या संस्थांची यादी पुढे बदलत गेली, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी ती ई-मायग्रेटवर पाहावी.

कर्जाचे काय होते, याचे उदाहरण २०१४ चे आहे. इराकमधल्या तिक्रित इथे ४६ भारतीय नर्स युद्धात अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. त्यांची सुटका झाली. पण बाहेर गोळीबार चालू असतानाही त्यांच्यातल्या काहींना परतायला भीती वाटत होती, कारण घरी कर्ज उभे होते.

आपल्याकडे हे कर्ज जमिनीवर येते. आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात अनेक बौद्ध कुटुंबांकडे असलेली जमीन महार वतनाची आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा वेळी कोणी साठेखत करून उचल देतो, कोणी कोऱ्या कागदावर सही घेतो. एका घरात आम्ही स्वतः असा कागद पाहिला. मुलगी गेली नाही, उचल एजंटाकडे गेली आणि जमिनीवर तिसराच माणूस हक्क सांगू लागला. वतनाच्या जमिनीवर कोणत्याही एजंटासाठी सही करू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो.

शिक्षणाच्या काळात पैशाची सोय करणाऱ्या योजना आहेत आणि त्या वापराव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, नोकरीसाठी नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीने परदेशात एम.एस्सी. करायचे मनात आणले, तर तिचा विचार जरूर करावा.

कागदावरचे नाव

किरकोळ वाटणारी पण सगळ्यात जास्त अडवणारी बाब. धर्मांतरानंतर काही घरांत आडनावे बदलली, काहींनी गावावरून नवी घेतली. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, नर्सिंग परिषदेच्या नोंदीत तिसरे स्पेलिंग. परदेशातली नोंदणी संस्था अशा फरकावर अर्ज थांबवते. राजपत्रात नावबदल करून सर्व कागद एकसारखे करायला काही महिने जातात, म्हणून ते शेवटच्या वर्षातच सुरू करावे. दाखल्यावर 'बौद्ध' आहे की 'हिंदू-महार', याची पासपोर्टसाठी चिंता करू नये. पासपोर्टवर धर्माचा रकानाच नसतो.

जातीचा रकाना तिथे नसला तरी प्रश्न असतो. परदेशी रुग्णालयात भेटणारे आपलेच लोक आडनाव विचारतात, मग गाव, मग गप्प होतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदाला स्पष्ट बंदी घातली. ब्रिटनने समता कायद्यात जातीचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे २०१८ मध्ये टाळले. तसा त्रास झाला तर तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, आणि कामगार संघटनेचे सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्यावे.

निघण्यापूर्वी कराराची एक प्रत घरी ठेवावी. पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणीचे फोटो घरच्या फोनमध्ये असावेत. ज्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट आहे त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, विमा १० लाखांचा. मालकाने पासपोर्ट काढून घेतला किंवा पगार थांबवला, तर तिथल्या भारतीय दूतावासाकडे जावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार इथून आई-वडिलांनाही करता येते. त्यासाठी मुलीचा पासपोर्ट क्रमांक लागतो, म्हणून तो घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला तरी चालेल.