ॲस्बेस्टसजन्य आजार

ॲस्बेस्टसजन्य आजार म्हणजे ॲस्बेस्टसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यामुळे होणारे, मुख्यतः फुप्फुसांचे व त्यांच्या आवरणाचे विकार होत. ॲस्बेस्टस हे सहा तंतुमय सिलिकेट खनिजांचे व्यापारी नाव आहे. संपर्क व आजार यांत बहुधा २० ते ४० वर्षांचे अंतर असल्याने अनेकदा कामगार निवृत्त झाल्यावरच रोग उघड होतो.

कारणे

ॲस्बेस्टस कापताना, घासताना किंवा फोडताना त्याचे तंतू हवेत मिसळतात व फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. लांब तंतू शरीरातील भक्षक पेशींना नष्ट करता येत नाहीत. परिणामी दीर्घकाळ दाह होत राहतो.

प्रमुख आजार

• ॲस्बेस्टोसिस : फुप्फुसे ताठर होऊन धाप लागते व कोरडा खोकला येतो. हा कर्करोग नव्हे. परंतु झालेली हानी भरून निघत नाही.
• फुप्फुसाचा कर्करोग : धूम्रपान करणाऱ्या कामगारांत याचा धोका अनेक पटींनी वाढतो.
• मेसोथेलिओमा : फुप्फुसांच्या किंवा उदराच्या आवरणाचा दुर्मीळ व घातक कर्करोग. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या कुटुंबीयांनाही तो झाल्याचे आढळले आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरविले असून स्वरयंत्र व अंडाशय यांच्या कर्करोगांशीही त्याचा संबंध मान्य केला आहे.

इतिहास

ब्रिटनमधील रॉचडेल येथील कामगार नेली केरशॉ यांचा १९२४ मध्ये झालेला मृत्यू हे वैद्यकीय साहित्यात नोंदले गेलेले आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण होय. दक्षिण आफ्रिकेतील खाणपट्ट्यातील ३३ मेसोथेलिओमा रुग्णांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींनी खाणीत कधीच काम केले नव्हते. ते केवळ परिसरात राहिले होते.

भारतातील स्थिती

भारतात ॲस्बेस्टसच्या वापरावर संपूर्ण बंदी नाही. आयात केलेला पांढरा ॲस्बेस्टस प्रामुख्याने छपराच्या सिमेंट पत्र्यांत वापरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेशही दिला. रोग उशिरा प्रकट होत असल्याने नुकसानभरपाईच्या दाव्यात अशा नोंदी निर्णायक ठरू शकतात.

निदान व प्रतिबंध

निदानासाठी क्ष-किरण व सीटी स्कॅन तपासणीइतकीच रुग्णाच्या पूर्वीच्या कामाची माहिती महत्त्वाची असते. अखंड पत्र्यातून तंतू अल्प प्रमाणात सुटतात. तो काढावा लागल्यास ओला करून, न फोडता उतरवावा. कोरडा झाडू मारू नये. साध्या कापडी मुखपट्टीने हे तंतू अडत नाहीत.